थंडीला दोष, खिशाला भुर्दंड! पहाटे गाडी न उचलण्याचं मूळ असतं उन्हाळ्यात

निफाड : डिसेंबर लागला की निफाड, येवला, चांदवड, सिन्नर या पट्ट्यात दोन गोष्टी ठरलेल्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पाऱ्याचा आकडा सकाळी सकाळी मोबाइलवर फिरतो, आणि त्याच वेळी गावोगाव पिकअप, टेम्पो, ट्रक सेल्फ मारून मारून थकलेले असतात. द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या, आणि घरासमोर भरलेली गाडी जागची हलायला तयार नाही. चार माणसं गोळा करून धक्का मारायचा, नाहीतर शेजारचा ट्रॅक्टर लावून ओढायची.

यात फक्त सकाळची झोप जात नाही. कांद्याच्या लिलावाला गाडी उशिरा पोहोचली की नंबर मागे जातो. दूध वेळेत पोहोचलं नाही तर नासायची भीती. द्राक्षाच्या गाडीला उशीर झाला की व्यापाऱ्याचा फोन चालू होतो. मग त्याच दिवशी दुपारी घाईघाईने नवी बॅटरी घेतली जाते. पिकअपची एक बॅटरी पाच-सात हजारांच्या पुढेच, आणि ट्रकला तर दोन लागतात. गाडीचा हप्ता चालू असलेल्या माणसाला हा खर्च छोटा नाही. एवढं करूनही आठ-पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा तशीच रुसते, तेव्हा कळतं की दुखणं दुसरीकडेच होतं.

थंडी पडली म्हणून बॅटरी गेली, असं सरसकट बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे.

थंडी किती दोषी?

बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि गंधकाचं ॲसिड असतं. गारठ्यात त्यांच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. पारा ५ अंशांवर आला तर बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते. त्याच वेळी इंजिनमधलं ऑइल घट्ट होतं, म्हणून इंजिन फिरवायला सेल्फला जास्त जोर लागतो. म्हणजे देणारा कमजोर झाला आणि मागणाऱ्याची मागणी वाढली.

डिझेल गाडीची अडचण त्याहून वेगळी. पेट्रोल गाडीत ठिणगी असते, डिझेलमध्ये ठिणगी नाही. पिस्टनने हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा पुरेशी तापतच नाही, आधीच गार असलेलं लोखंड तिची ऊब ओढून घेतं. त्यामुळे सेल्फ फिरतोय असं दिसतं, पण इंजिन काही पकडत नाही.

पण हिशोब बघा. धडधाकट बॅटरीची ताकद पाचव्या हिश्श्याने कमी झाली तरी गाडी चालू व्हायलाच हवी. निफाडची थंडी म्हणजे काही काश्मीर नाही. इथल्या थंडीत गाडी अडते याचा अर्थ बॅटरी किंवा तिच्या जोडण्या आधीपासूनच अधू होत्या. पावसाळ्यानंतरच्या उबदार दिवसांत ते झाकून गेलं, गारठ्यात उघडं पडलं.

खरा घाव उन्हाळ्याचा

बॅटरीचं आयुष्य खातं ते ऊन. मालेगावकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो. इंजिनशेजारच्या बॅटरीला त्याहून जास्त झळ लागते. बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा असा की, नेहमीच्या तापमानापेक्षा सतत १० अंश जास्त तापणाऱ्या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. उन्हात पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात आणि वाळतात. वाळलेला भाग पुन्हा पूर्ण कामाला येत नाही.

त्यात बोअरचं किंवा नळाचं पाणी घातलं की घाव दुप्पट. त्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. घरच्या आरओचं पाणीही डिस्टिल वॉटर नव्हे. वीस-पंचवीस रुपये वाचवायला जाऊन हजारोंची बॅटरी घालवायची, असा हा व्यवहार आहे. पाणी कमी झालं म्हणून ॲसिड ओतणं तर त्याहून वाईट. उडतं ते पाणी, ॲसिड नाही.

उसाच्या गाड्यांचं दुखणं वेगळं

उसाच्या गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. त्याआधी पावसाळ्याचे चार महिने कित्येक ट्रक शेडखाली किंवा बांधावर उभे असतात. उभी बॅटरी आपोआप उतरत जाते. उतरलेल्या अवस्थेत ती महिनोन्‌महिने राहिली की प्लेटांवर सल्फेटचा पांढरा, कडक थर धरतो. मग चार्जिंगला लावली तर मीटरवर आकडा पूर्ण दाखवते, पण सेल्फचा भार पडला की बसते. मेकॅनिक म्हणतात, बॅटरी वरून भरलेली, आतून पोकळ.

त्यावर उपाय साधा आहे. गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनस केबल काढून ठेवायची आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जिंगला लावायची. नुसतं दहा मिनिटं इंजिन चालू करून बंद केल्याने पोट भरत नाही.

रांगेतला टेप आणि एकाच बॅटरीची पिळवणूक

बाजार समितीबाहेर किंवा कारखान्याच्या गव्हाणीला रांग लागली की रात्रभर इंजिन बंद, पण टेप, केबिनचा दिवा, मोबाइलचं चार्जिंग चालू. समजा, हे सगळं मिळून ४ अँपिअर ओढतं. सहा तासांत २४ अँपिअर-तास गेले. पिकअपची बॅटरी ८० ची धरली तर जवळपास तिसरा हिस्सा रांगेतच संपला. वर पहाटेची थंडी.

ट्रकमध्ये आणखी एक खोड आहे. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. टेप, पंखा मात्र १२ व्होल्टचा. मग वायरमन दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढून देतो. ती एक बॅटरी रोज जास्त उतरते. डायनामो दोघींना एकत्र चार्ज करतो, त्यामुळे उतरलेली अर्धपोटी राहते आणि भरलेली जास्त तापते. काही महिन्यांत जोडीचा मेळ मोडतो आणि दोन्ही जातात. यासाठी २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो, तो बॅटरीच्या जोडीपेक्षा खूप स्वस्त पडतो. एकच बॅटरी बदलून जुनी शेजारी ठेवणं हाही असाच तोट्याचा सौदा. जुनी नवीलाही खाली ओढते.

चावी बंद असतानाही करंट खाणाऱ्या वस्तू आता वाढल्या आहेत. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या, त्यात कॉम्प्युटर आला. अनेक गाड्यांना जीपीएस बसला. ठीक बसवलेलं सामान बंद गाडीत फार थोडा करंट घेतं, पण चुकीच्या जोडणीने अर्धा अँपिअर जरी गळत राहिला तरी आठवड्यात ८४ अँपिअर-तास होतात. म्हणजे पूर्ण बॅटरी रिकामी. आठ दिवस उभी राहिलेली गाडी चालू होत नसेल आणि रोज चालणारी होत असेल, तर आधी ही गळती शोधावी.

मग बॅटरीच का बदलली जाते?

इथे प्रश्न फक्त यंत्राचा राहत नाही, व्यवहाराचा होतो. बॅटरी चांगली की वाईट हे बहुतेक वेळा तोच सांगतो ज्याला नवी विकायची आहे. जुन्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि शिशाला भाव आहे. म्हणजे विकणाऱ्याला दोन्हीकडून फायदा. सगळेच दुकानदार फसवतात असं नाही. पण लोड टेस्टर लावून आकडा दाखवणारे कमी, आणि बॅटरीला हात लावून 'गेली' म्हणणारे जास्त, हे गावातला कुणीही गाडीवाला सांगेल. सकाळी गाडी अडलेल्या माणसाला घासाघीस करायला वेळ नसतो, ही गोष्टही त्यात आली.

म्हणून गाडीवाल्याने स्वतः तपासायला शिकणं यात खरी बचत आहे. लागतं काय, तर पाचशे रुपयांच्या आत मिळणारा एक मल्टीमीटर आणि ऐकायला कान.

आधी आवाज ऐका

हेडलाइट लावून सेल्फ मारा आणि दिव्याकडे लक्ष ठेवा.

दिवा एकदम विझल्यासारखा झाला आणि 'टक-टक-टक' आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल, घाणेरडं आहे.

दिवा लख्ख राहिला आणि एकच 'टक' आवाज येऊन सगळं शांत झालं, तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फचा स्विच, त्याची वायर किंवा आतले कार्बन बघायला हवेत.

सेल्फ भिर्रकन मोकळा फिरला पण इंजिन हललंच नाही, तर सेल्फचं दातेरी चाक इंजिनच्या चाकाला पकडत नाही. नवी बॅटरी घालून उपयोग शून्य.

इंजिन 'गुर्रऽ... गुर्रऽ' करत हळू फिरलं, तर मात्र चार शक्यता : बॅटरी कमजोर, केबल खराब, सेल्फ घासलेला, किंवा ऑइल जुनं अथवा चुकीच्या ग्रेडचं. इथे मीटर लागतो.

आणि इंजिन जोरात फिरतंय तरी पकडत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. ज्या गाड्यांना हीटर प्लग आहेत त्यांनी ते तपासावेत. अशा गाडीत चावी लावल्यावर हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं, घाईत तेच राहून जातं. धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टर तुंबलाय, पाणी साचलंय किंवा हवा धरलीय.

मग मीटर लावा

पहिली तपासणी सकाळी, गाडीला हात लावण्याआधी. रात्रभर शांत असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा आला तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळपास रिकामी. ट्रकला दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. एकत्र २४.६ दिसलं तरी एक १२.७ आणि दुसरी ११.९ असू शकते.

दुसरी तपासणी सेल्फ मारताना. मीटर तसाच ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावं. आकडा १० च्या वर टिकला तर बॅटरी अजून धरून आहे. भरलेली असूनही ९.५ च्या खाली कोसळली तर ती आतून संपत आली, असं समजावं. मात्र उतरलेली बॅटरीही अशीच कोसळते. म्हणून आधी पूर्ण चार्ज करून मगच निकाल द्यायचा. ही पायरी सर्रास वगळली जाते आणि चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

तिसरी तपासणी केबलची, आणि सर्वांत दुर्लक्षित हीच. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारताना आकडा ०.२ च्या आत हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढी ताकद अर्थच्या केबलमध्येच जळतेय. प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या नटापर्यंत असंच मोजावं, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. ऊस, कांदा, खडी वाहणाऱ्या गाड्यांत धूळ-पाण्याने चेसिसवरचा अर्थ गंजतो. कित्येकदा पानं-पाना घेऊन तो नट खोलला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला की गाडी पहिल्यासारखी उचलते. खर्च काहीच नाही.

चौथी तपासणी इंजिन चालू करून. १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४, ट्रकमध्ये साधारण २७.५ ते २८.८ यायला हवं. कमी असेल तर डायनामोचा पट्टा सैल आहे, नाहीतर डायनामोच कमजोर. १५ च्या वर जात असेल तर कटआउट बिघडलाय आणि बॅटरीचं पाणी उकळतंय. ही तपासणी न करता नवी बॅटरी बसवली तर तिचीही तीच गत होणार.

झाकणाच्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही खाने बघता येतात. पाच खाने १२५० च्या जवळ आणि एकच ११५० दाखवत असेल, तर तो खाना मेला. अशी बॅटरी चार्जिंगने सुधारत नाही.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवावी. झाकणं बंद हवीत, सोडा आत जाऊ देऊ नये. कोरडं करून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावं.

जीवावर बेतणारे जुगाड

गाडी अडली की जुगाड सुरू होतो. एअर फिल्टरजवळ पेट्रोलचा बोळा धरणं, चेंबरखाली जाळ करणं हे प्रकार अजून चालतात. यात गाडी पेटू शकते आणि माणूसही भाजू शकतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ बिडी-काडी नको.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना १२ ची गाडी १२ लाच आणि २४ ची २४ लाच जोडावी. ट्रकच्या २४ वरून पिकअप चालू करायला गेलं तर कॉम्प्युटर जळतो आणि बॅटरीपेक्षा कितीतरी मोठा खर्च येतो. आधी प्लसला प्लस. मग चालू गाडीच्या मायनसवरून आणलेली केबल बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. सतत दाबून धरल्याने बॅटरी तर बसतेच, सेल्फही जळतो.

उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी

लासलगाव, पिंपळगावचा कांदा आणि द्राक्षं घेऊन हिवाळ्यात गाड्या उत्तरेकडे जातात. तिकडचा हिशोब वेगळा. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड भारतातल्या बहुतेक थंडीत गोठत नाही. पण उतरलेल्या बॅटरीत पाण्याचा अंश जास्त असतो, ती उणे १० च्या आसपास गोठून फुटू शकते. डिझेलमधलं मेणही गारठ्यात जमून फिल्टर बंद करतं. लडाखसाठी तर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणावं लागलं. म्हणून डोंगराळ भागात शिरताना इकडच्या डिझेलने टाकी भरलेली नसावी, तिकडचं हिवाळ्याचं डिझेल घ्यावं. आणि निघण्याआधी बॅटरी तपासून घ्यावी.

खरंच बदलायची वेळ आली तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. मूळ किंमत ८ हजार धरली तर आधी १०,२४० पडायचे, आता ९,४४० पडतात. ८०० रुपयांचा फरक बिलात दिसतो का, ते बघावं. पक्कं बिल आणि तारीख-शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड नसेल तर पुढे तक्रारीला पाय राहत नाहीत. बॅटरी कधी बनली ती तारीखही विचारावी. दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली बॅटरी नवी दिसली तरी उतरलेली असते. वॉरंटी नाकारली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत देऊन तिची किंमत बिलात वजा करून घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उघड्यावर बॅटरी फोडून शिसं वितळवणाऱ्याकडे ती गेली तर ते विष मातीत, विहिरीत आणि पोराबाळांच्या अंगात जातं.

सोय कुणी करायची?

प्रत्येक गाडीवाल्याने लोड टेस्टर घ्यावा असं कुणी म्हणणार नाही. पण बाजार समिती, साखर कारखाना, शेतकरी कंपनी किंवा मोठी सोसायटी यांना एक टेस्टर आणि एक चार्जर ठेवणं जड नाही. कारखाने हंगामाआधी ऊसतोडीचे करार करतात, गाड्यांची कागदपत्रं बघतात. त्याच दिवशी गाड्यांच्या बॅटऱ्या तपासून चिठ्ठी दिली तर गव्हाणीच्या रांगेत बंद पडणाऱ्या गाड्या कमी होतील. फायदा कारखान्याचाही आहेच. विकणारा आणि तपासणारा वेगळा झाला की 'बॅटरी गेली' या शब्दालाही वजन येईल.

तोवर गाडीवाल्यांनी आपल्यापुरतं एक करावं. तपासणी थंडी पडल्यावर नको, दिवाळीच्या आसपास करून घ्यावी. मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघावं. आणि पहाटे सेल्फ पहिल्यांदा जड वाटला, त्याच दिवशी मीटर लावावा. बॅटरी एका रात्रीत क्वचितच जाते. आठ-पंधरा दिवस ती सांगत असते, आपणच 'थंडी आहे, चालायचंच' म्हणून सोडून देतो.